'संमोहन' म्हटलं आणि सासूबाई बिथरल्या

जाईजुई: न्यू जर्सीतल्या एका हॉस्पिटलसाठी कॅन्सर पेशंटना द्यायच्या पत्रकाचं मराठी करतेय. बायोप्सीच्या वेळी भीती नि दुखणं कमी व्हावं म्हणून हिप्नॉसिस करतात, मी सरळ 'संमोहन' लिहिलं, सासूबाईंना वाचून दाखवलं तर म्हणे "वशीकरण करणार होय? मी नाही सही करायची". खरं तर बाई चांगली जागी असते, डोळे मिटून एखादी आवडती जागा मनात आणायची, नको वाटलं तर थांबायचं. दुसरा शब्द आहे का?

टिंबटिंब: कशाला हवाय? संमोहन सगळ्यांना कळतं.

अण्णा_कराडकर: कळतं म्हणूनच घाबरल्या ना. गीतेत 'क्रोधाद्भवति संमोहः', तिथून पुढे थेट बुद्धिनाश. मदनाच्या पाच बाणांतला एक संमोहन. सासूबाई बरोबर आहेत! मोहनिद्रा करा.

टिंबटिंब: निद्रा कुठून आणलीत, ती म्हणतेय बाई जागी असते. ही खोड इंग्रजीतलीच, ब्रेड नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने १८४० च्या दशकात झोपेच्या ग्रीक शब्दावरून आलेला हा शब्द रूढ केला आणि पुढे त्याचा त्यालाच पटेना.

ओपीडीवाली: माझं मत 'तंद्री लावणे'. न्यूयॉर्कला माउंट सायनायमध्ये स्तनाच्या ऑपरेशनआधी १५ मिनिटं हे करून बघितलं होतं, २०० बायका, निम्म्यांशी नुसत्या गप्पा. २००७ मध्ये छापून आलं. हिप्नॉसिसवाल्यांना दुखणं, मळमळ, थकवा कमी, आणि भुलीचं औषधसुद्धा कमी लागलं. म्हणजे भूल होतीच, हे तिच्या जोडीला. पत्रकात तेवढं स्पष्ट लिही गं, नाहीतर लोकांना वाटेल इंजेक्शन वाचवतायत.

अण्णा_कराडकर: मग 'बिनऔषधाची भूल' म्हणा की! आमची आजी पायातला काटा काढताना "तो बघ कावळा काय घेऊन चालला" म्हणायची, कावळा सापडेस्तोवर काटा बाहेर.

टिंबटिंब: ते भुलवणं झालं अण्णा, भूल नाही. आणि भूल म्हणजे चूकपण. फॉर्मवर 'मला भूल मान्य आहे' लिहून बघा.

रानवेडा: आमच्याकडे रानात वाट चुकली की भूल पडली म्हणतात.

अण्णा_कराडकर: त्याला चकवा म्हणतात.

जाईजुई: अहो, शुक्रवारी द्यायचंय पत्रक. तंद्री चालेल का? सासूबाई म्हणतायत तंद्री तर त्यांची पोथी वाचतानाही लागते, त्याला डॉक्टर कशाला.

रानवेडा: अण्णा, चकवा भुताचा असतो. भूल वेलीची, पाय पडला की लागते. एक नाहीत ते.