बास्केटबॉलवाला लेब्रॉन कुठे जाणार? तुमच्या घरी तेव्हा कोण रुसलं होतं?

एरीकाठची
परवा लेकाचा फोन आला. पंचवीस वर्षांचा घोडा झालाय, नोकरी करतो, आणि कशी आहेस वगैरे काही न विचारता डायरेक्ट, "आई, लेब्रॉनचं लॉस एंजेलिसच्या लेकर्सबरोबरचं कॉन्ट्रॅक्ट २०२६ च्या उन्हाळ्यात संपतंय, तो परत क्लीव्हलंडला येईल का गं?" मी कणीक मळत होते, हात तसेच राहिले. २०१० चा जुलै आठवला.

तेव्हा आम्ही क्लीव्हलंडच्या जवळच राहायचो, हा नऊ वर्षांचा. ८ जुलैला रात्री नऊला टीव्हीवर तो 'डिसिजन'चा तमाशा, लेब्रॉन क्लीव्हलंडच्या टीमकडे राहणार की जाणार ते तो स्वतः सांगणार. वरणफळं केली होती, गार होऊन दगड झाली पण कुणी ताटाला हात लावेना. मुलाखत घेणारा माणूस काय वाट्टेल ते विचारत बसलेला, अजून नखं खातोस का म्हणून! जवळपास अर्धा तास गुऱ्हाळ चालल्यावर लेब्रॉन बोलला, साउथ बीच. म्हणजे मायामी. ॲक्रनचा पोर, इथून पाऊण तासावर लहानाचा मोठा झालेला, गेला.

लेक रडला नाही. समोरच्या ड्राइव्हवेत जर्सी जाळत होते ते खिडकीतून बघत उभा राहिला आणि मग मला विचारतो, "आई, आपली पण जाळायची का?" मी म्हटलं खबरदार, चाळीस डॉलर मोजलेत! दुसऱ्या दिवशी घडी घालून पैठणीच्या बॅगेत, डांबरगोळ्यांसकट. चार वर्षांनी लेब्रॉन परत आला, नंबरही परत २३च, जर्सी काढली तर लेकाच्या खांद्यातून खाली उतरेना. मग धाकटीने घातली. २०१६ ला क्लीव्हलंड चॅम्पियन झालं त्या परेडला तीच घालून गेली, आणि त्या एवढ्या गर्दीत मला माझी पोरगी वासावरून सापडली असती.

तुमच्याकडे असलं काही असेल तर लिहा. कोणाची वाट बघितलीत, कोण गेलं, घरात कोण जेवलं नाही.

टोरोंटोवाली_काकू
आमचं २०१९. कवाय लेनर्ड. टोरोंटोच्या टीमकडे एकच वर्ष होता, कप जिंकून दिला आणि मग तोंडाला कुलूप. ३ जुलैला एक काळी गाडी एअरपोर्टवरून निघाली तर टीव्हीवाल्यांनी वर हेलिकॉप्टर सोडलं, आणि आमचे हे, जे मुलीच्या कॉन्व्होकेशनला वीस मिनिटं उशिरा पोचले, ते सगळं ऑफिसचं काम सोडून ती गाडी बघत बसले. गाडी हॉटेलला पोचली. बस, एवढंच. गावातली हॉटेलं म्हणत होती राहिलास तर जन्मभर फुकट जेव. शेवटी मध्यरात्रीनंतर कधीतरी बातमी आली, क्लिपर्स, म्हणजे लॉस एंजेलिसची दुसरी टीम. सकाळी हे चहा न घेता फिरायला गेले.

बाराव्या_मजल्यावरून
काकू, तुमच्या त्याच रात्री आम्ही लॉस एंजेलिसला!! ५ जुलै. रात्री सव्वाआठला मोठा भूकंप, ७.१ चा. फार लांब होता पण आमची बिल्डिंग अशी हलली की झुंबर डोलायला लागलं. पोरांना घेऊन टेबलाखाली. मग फोनाफोनी, सासूबाईंना नाशिकला कळवलं, सगळं शांत झालं, पोरं झोपली, आणि अकराच्या सुमारास नवरा हॉलमधून असा काही किंचाळला की मी आफ्टरशॉक समजून पुन्हा टेबलाखाली. तर हा म्हणे कवाय आला! शिवाय पॉल जॉर्जपण आला! मी टेबलाखालूनच त्याला काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही.

चिंगूस_पुणेकर
😂😂 वरणफळं गार झाल्यावर तव्यावर तूप सोडून परतायची, फेकली नाहीत ना?

एरीकाठची
@चिंगूस_पुणेकर नाही हो, सकाळी नाश्त्याला तीच. दुःख वेगळं, अन्न वेगळं.

कणीस_भाजणारा
ड्युरंट, ओक्लाहोमाच्या टीमचा हिरो. ४ जुलै २०१६. ओक्लाहोमाला शिकायला होतो. सुट्टी म्हणून आम्ही सहा पोरं सकाळपासून पनीर मुरवून ग्रिलची तयारी करत होतो आणि एकाने फोन बघून नुसता चिमटा खाली ठेवला. ड्युरंट गोल्डन स्टेटकडे. ज्यांच्याकडून आम्ही सिरीजमध्ये ३-१ ने पुढे असताना हरलो, महिन्याभरापूर्वी, त्यांच्याकडे! त्या सीझनला आधीच ७३ मॅच जिंकलेली टीम ती. गल्लीत ज्यांनी धुतलं त्यांच्याकडेच जाऊन मला पहिली बॅटिंग द्या म्हणायचं तसं. पुढच्या फेब्रुवारीत तो खेळायला आला तेव्हा लोक कपकेक घेऊन, कपकेकचे शर्ट घालून स्टेडियमला, कपकेक म्हणजे मऊ, लेचापेचा. मी पण घातला होता. आता वाईट वाटतं थोडं. थोडंच.

लेट_लतीफ
मला अजून कळत नाही, एवढे सगळे मायामीलाच का जातात, समुद्र तर मुंबईलाही आहे

कॅप_मास्तर
@लेट_लतीफ टॅक्स राजा टॅक्स. फ्लोरिडात स्टेट इन्कम टॅक्स नाही, टेक्ससला नाही, आणि कॅलिफोर्नियात वरच्या स्लॅबला तेरा टक्क्यांच्या वर जातो. पण नुसतं तेवढंच नाही, प्रत्येक टीमला पगाराची कॅप असते, मोठे तीन लोक एकत्र बसवायचे तर प्रत्येकाने थोडं थोडं सोडावं लागतं, २०१० ला लेब्रॉन, वेड आणि बॉश तिघांनी मॅक्स पगारापेक्षा कमी घेतलं म्हणून ते जमलं. आणि जुनी टीम पाच वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट देऊ शकते, बाहेरची चारच, म्हणून सोडून जाणारा पैशावर पाणी सोडूनच जातो बहुतेक वेळा, हे जर्सी जाळणाऱ्यांना कोण सांगणार. २०१८ ला लेब्रॉन पुन्हा क्लीव्हलंड सोडून लेकर्सकडे गेला, तेव्हा त्यांनी दिलं ते चार वर्षांचं, १५३ मिलियन डॉलर. त्या वेळी टीव्ही शो नाही काही नाही, एजन्सीचं चार ओळींचं पत्रक. शहाणा झाला होता.

चिंगूस_पुणेकर
आम्ही एच-वन-बी वाले. आम्हाला पण टीम बदलायची असते, पण आमची प्रेस कॉन्फरन्स म्हणजे वकिलाचा ईमेल.

गोदाकाठ
२०१५ चा क्लिपर्सचा डीआंड्रे जॉर्डन कुणाला आठवतो का? डॅलसला हो म्हणाला, तोंडी. साखरपुडा झाला समजा. पण जुलैच्या पहिल्या आठवड्यात सह्या करता येत नाहीत, मोरॅटोरियम, म्हणजे मुहूर्त निघेपर्यंत थांबा. तेवढ्यात क्लिपर्सची अख्खी वरात ह्यूस्टनला त्याच्या घरी, ट्विटरवर खेळाडू विमानाचे आणि गाडीचे इमोजी टाकतायत, एकाने तर दाराला खुर्ची लावल्याचा फोटो टाकला. मोडलं लग्न, राहिला क्लिपर्सकडेच. तेव्हा मी हसलो होतो. २०२२ ला गुवाहाटीच्या हॉटेलचे व्हिडिओ बघताना म्हटलं हे तर आपण बघितलंय आधी.

कणीस_भाजणारा
काय झाडी काय डोंगार 😭

कॅप_मास्तर
राजकारण नको प्लीज, मागच्या धाग्यात काय झालं माहितीये ना

रात्रपाळी_सातारा
मी इथूनच बघतो. ३० जूनला तिकडे संध्याकाळी सहाला खेळाडूंचं मार्केट उघडतं म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेतीन. अलार्म लावतो. एका वर्षी पत्रकाराच्या नावाच्या डुप्लिकेट अकाउंटने फसवलं, मी ग्रुपवर सगळ्यांना उठवलं, सगळे शिव्या देऊन झोपले. बाबा पाणी प्यायला उठले तर म्हणाले, "कोण आजारी आहे?" मी म्हटलं कोणी नाही, एक माणूस टीम बदलतोय. बाबा दोन मिनिटं उभे. मग म्हणाले, "आपल्या ओळखीतला?"

टोरोंटोवाली_काकू
@रात्रपाळी_सातारा बाबांना नमस्कार सांग रे 🙏

बाराव्या_मजल्यावरून
एरीकाठची ताई, पण मूळ प्रश्न राहिला. येईल का तो परत? एक्केचाळीस पूर्ण झालेत, शिवाय स्वतःचा पोरगा ब्रॉनी लेकर्समध्येच आहे. मला तर वाटतं इथेच राहील नाहीतर रिटायर होईल.

एरीकाठची
अगं मी लेकाला तेच म्हटलं. तर म्हणतो, जर्सी कुठे आहे ते बघून ठेव. आता ती बॅग माळ्यावर, खाली दिवाळीच्या कंदिलांचा खोका, शिडी शेजारच्यांनी नेलेली. रविवारी बघते.

चिंगूस_पुणेकर
डांबरगोळ्या पैठणीत ठेवू नका हो ताई, जरीला लागू देऊ नये म्हणतात. मलमलच्या कापडात लवंगा बांधून ठेवा.

एरीकाठची
लवंगा? किती ठेवायच्या?