गडाच्या तटात डबा नको! जिओकॅश लपवायची कुठं आणि कशात?

पायवाट_पन्हाळा

गेल्या रविवारी सकाळी पन्हाळ्यावर पुसाटी बुरुजाच्या वाटेला मोबाईलमधल्या बाणामागं चाललो होतो. सहा मीटर, चार मीटर, मग एकदम नऊ. अशा वेळी मोबाईल खिशात टाकायचा आणि "मी असतो तर कुठं लपवला असता?" असं स्वतःला विचारायचं. विचारलं, मान वर केली आणि डोकंच सटकलं. तटातला एक चिरा ओढून खाली ठेवलेला आणि त्या खोबणीत काळ्या चिकटपट्टीनं गुंडाळलेला प्लॅस्टिकचा डबा.

जिओकॅशिंग, म्हणजे कुणीतरी लपवलेला डबा (कॅश) जीपीएसनं शोधायचा खेळ, माहीत नसलेल्यांसाठी दोन ओळी. नागरी जीपीएसमध्ये अमेरिकेनं मुद्दाम ठेवलेली चूक मे २००० च्या सुरुवातीला काढून टाकली. लगेच ३ मे रोजी ऑरेगन राज्यात डेव्ह उल्मर या माणसानं रानात एक काळी बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले. शोधा, वहीत नोंद करा, एखादी वस्तू घेतली तर दुसरी ठेवा. एवढंच. (आणि हो, पन्हाळ्याच्या एसटीत बसून फोनवर मोठ्यानं "गडावर कॅश लपवलीय" म्हणू नका. माझ्या शेजारचे काका पुढच्या थांब्यापर्यंत माझ्याकडंच बघत होते.)

डब्यात काय, तर लगदा झालेली वही, एक किचेन आणि मुंग्यांनी संपवत आणलेलं चॉकलेट. म्हणजे खाऊ ठेवू नये हा बालवाडीतला नियमसुद्धा पाळलेला नाही.

माझं मत: गडावर डबा नकोच. तटात नको, बुरुजात नको, अंधारबावडीत तर नकोच नको. पन्हाळा संरक्षित स्मारक आहे, २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून जागतिक वारसा यादीत गेलाय. खेळाचे स्वतःचे नियमही हेच सांगतात: खणायचं नाही, मोडतोड करायची नाही, जागा ज्याची त्याची परवानगी घ्यायची. शिवाय आपल्याकडं एक जास्तीचं कारण आहे, ते म्हणजे गुप्तधन. गडांवर खड्डे पाडत फिरणारी टोळकी काय कमी आहेत? त्यात आपण हातात यंत्र घेऊन दिवस मावळताना दगडांखाली चाचपडायला लागलो, तर गावकऱ्यांनी काय समजावं?

डबा मी काढून आणलाय. चूक केली असेल तर बोला.

---

नाद_करायचा_न्हाय

बोलतोच. चूक केलीसा. दुसऱ्याचा डबा उचलून आणायचा नसतो. खेळाच्या वेबसाइटवरच्या यादीत "दुरुस्ती हवी" अशी नोंद टाकायची, तपासनीस बघतात. मालक हलला नाही तर ते यादीतनं काढतात. तुमी एकदम वकील, जज आणि बेलीफ तिन्ही झालासा की राव.

दुसरं. एका येड्यानं चिरा ओढला म्हणून सगळ्या गडावर बंदी? तटावर बदाम कोरून नावं लिवणारे कोण, आमी काय? बाटल्या फोडणारे कोण? आमच्यातली पोरं डबा शोधायला जाताना पिशवी घेऊन जातात आणि येताना कचरा भरून आणतात. २००२ पासून जगभर ही पद्धत हाय या खेळात. डबा असला की गडाच्या त्या कोपऱ्यात माणूस जातो, चार डोळं राहतात. तुमी डबा काढला, आता तिथं कोण जाणार? बाटलीवालेच.

आणि नियमांचं म्हणाल, तर ती पहिली बादली आजच्या नियमात बसली नसती. अर्धी जमिनीत पुरलेली होती आणि आत घेवड्याचा डबा! खणणं पण आलं, खाऊ पण आला. माणसं खेळत गेली, नियम मागनं आले.

---

पायवाट_पन्हाळा

नियम मागनं का आले, तेही सांगा की. एक बादली असताना खड्डा एकच होता.

डबा उचलण्याबद्दल मात्र तुमचं अर्धं मान्य. नोंद आधी टाकायला हवी होती. पण तो तसाच ठेवून यायला पाय उचलला नाही.

---

शिरोली_वर्कशॉप

कुठं लपवायचं त्यावर भांडा तुम्ही. मला कशात यावर बोलायचंय, कारण वही लगदा झाली हे वाचूनच कळलं की डबा चुकला.

आपल्याकडचा पाऊस चार महिने आडवा मारतो. परदेशातले व्हिडिओ बघून लोक फिल्मच्या रोलची डबी लावतात. तिचं झाकण दिसायला घट्ट, पण ओल आत जातेच. बिस्किटाचा पत्र्याचा डबा? दसऱ्यापर्यंत गंजून चाळणी. स्टीलचा जेवणाचा डबा गंजत नाही, पण झाकणाला रबर नसतं, वर गुराख्याला तो कामाचा वाटतो. त्यात त्याचं काय चुकलं? आमच्या एका दोस्तानं चुन्याची डबी वापरली होती. आकार झकास, रंग झकास, कुणी ढुंकून बघत नाही. पहिल्याच वळवात कागदाची पेस्ट.

टिकतं काय, ते अनुभवानं सांगतो. बारक्या जागेसाठी प्रीफॉर्म. पाण्याची बाटली फुगवायच्या आधी जी जाड नळी असते ना, बुडाशी गोल आणि तोंडाला बाटलीचेच आटे, ती. बाटल्या करणाऱ्या कुठल्याही युनिटात ओळखीनं दोन-चार मिळतात. टोपण नीट बसलं की पाण्यात बुडवली तरी आत कोरडं. मोठ्यासाठी चारी बाजूंनी कड्या असलेला, झाकणात रबरी पट्टी असलेला डबा. त्या पट्टीत मातीचा एक कण अडकला तरी पाणी आत येतं, म्हणून बंद करताना कड बोटानं पुसायची. ऐंशी टक्के डबे शोधणाऱ्यांच्या आळसानं भिजतात. टक्केवारी माझीच, पुरावा मागू नका.

वही झिपच्या पिशवीत, सोबत शिसपेन्सिल. जेलपेन नको, ओल लागली की निळं पाणी.

आकाराची नावंही नीट लावा. शंभर मिलीच्या खाली असेल तर मायक्रो, एक लिटरपर्यंत छोटा, एक ते वीस लिटर नेहमीचा. लोक प्रीफॉर्म लावून "छोटा" लिहितात आणि शोधणारा डबा शोधत दगड हलवत बसतो. तुमचा चिरा असल्याच कुणीतरी ओढला नसेल कशावरून? लपवणाऱ्यानं नसेलही.

---

तिकटीवरचा_लिंबू

वर्कशॉपवाले भाऊ, शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं.

माझी आयडिया ऐका. तिकटीवर झाडाखाली डबी ठेवायची, वर लिंबू आणि लाल दोरा. काय बिशाद कुणी हात लावेल! आमच्या गावाबाहेर एक ठेवली होती, पाच महिने जागची हलली नाही.

---

पेठेतली_ताई

लिंबू, हसू आलं खरं, पण असलं करू नकोस बाबा. एक तर तुझा उतारा बघून एखाद्या म्हातारीचा चार दिवस जीव थाऱ्यावर राहायचा नाही. दुसरं, राज्यात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, आणि शाहू महाराजांच्या कोल्हापुरात भीतीचं कुलूप लावून खेळ खेळायचा? शोभत नाही.

आता गडावरून गावात येऊ, कारण गावातले डबे मला जास्त खुपतात. एसटी स्टँडवर दिवसभर काय सांगतात? बेवारस वस्तूला हात लावू नका. आणि आपण तिथल्याच रेलिंगखाली काळ्या टेपनं गुंडाळलेली वस्तू चिकटवणार! इंग्लंडात वेदरबी गावी २०११ मध्ये एका कॅफेबाहेर असाच डबा लपवलेला होता. लपवणाऱ्याची हालचाल बघून कुणीतरी पोलिसांना कळवलं, रस्ता बंद झाला आणि बॉम्बपथकानं डबा उडवला. त्या माणसाच्या मनात वाईट काहीच नव्हतं. मग बिंदू चौकात किंवा महाद्वार रोडला नवरात्राच्या गर्दीत काय होईल, त्याचा विचार करा.

म्हणून माझे दोन हट्ट. डबा पारदर्शक हवा. आणि त्यावर मराठीत लिहिलेलं हवं: हा खेळाचा डबा आहे, आत वही आहे, उघडून बघा, परत ठेवा. इंग्रजी चिठ्ठी वॉचमन वाचणार नाही, गुराखी वाचणार नाही, आणि डबा सापडतो तो त्यांनाच.

अजून एक, जे इथं कुणी बोलणार नाही म्हणून मीच बोलते. निर्जन ओढ्याकाठी, पडक्या खोलीत डबे लपवणारे बहुतेक पुरुष असतात. अवघडपणाचे तारे देता ना? "एकटीनं जाऊ नये अशी जागा" हेही वर्णनात लिहीत चला. रंकाळ्याच्या वर्दळीच्या बाजूला माझा मायक्रो आहे. संध्याकाळी तिथं भेळ खात बसलेली शंभर माणसं असतात, तरी कुणाला दिसत नाही. लपवायला जंगल लागत नाही, डोकं लागतं.

---

नाद_करायचा_न्हाय

ताई, मराठी चिठ्ठीचं एकदम मान्य. माझ्या तिन्ही डब्यांत उद्याच टाकतो. पारदर्शकचं न्हाय. पारदर्शक डबा लांबनं चमकतो, मग लपवला कशाला? हिरवा रंग देऊन झाकणावर नाव लिवलं की झालं.

---

हॅम्बुर्गहून_रांगडा

इथं जर्मनीत आठ वर्षं खेळतोय. डबे इतके, की ऑफिसला चालत जाताना दोन सापडतात. दोन डब्यांत निदान १६१ मीटर अंतर लागतं, नाहीतर लोकांनी एकावर एक रचले असते. पण पायवाट म्हणतात ती शिस्त इथं कागदावर राहत नाही. वटवाघळं जिथं थंडीत झोपतात त्या गुहांतले डबे हिवाळाभर बंद ठेवतात. डबा तिथंच असतो, नुसतं कुणी जात नाही.

त्यामुळं मला सरसकट बंदीही पटत नाही आणि "चार डोळं राहतात" हेही पटत नाही. पोहाळ्याच्या लेण्यात डबा ठेवायचा नाही, बरोबर. मसाई पठारावर? सप्टेंबरात फुलं असताना नको, कारण एका डब्यापायी पायवाट नसलेल्या ठिकाणी पायवाट पडते. महिन्याभरात झऱ्यासारखी चकचकीत दिसते ती. उन्हाळ्यात, गाडीवाटेच्या कडेला चालेल की. राधानगरीच्या अभयारण्यात बिलकुल नको. तिथं गवा समोर आला तर वहीत शेवटची नोंद तुमचीच.

गडासाठी अर्थकॅश आहेच. त्यात डबा नसतो. जागेवर जायचं, खडक बघायचा, प्रश्नांची उत्तरं पाठवायची. पन्हाळ्याचा काळा बेसाल्ट आणि वरचा तांबडा जांभा याच्यावर फक्कड होईल.

---

नाद_करायचा_न्हाय

झालं! रविवारी पण गृहपाठ. रांगडा भाऊ, माझी पोरगी नऊ वर्षांची. "जांभा कसा तयार होतो" या प्रश्नासाठी ती गड चढंल व्हय? डब्यातल्या दहा रुपयांच्या भोवऱ्यासाठी तीन दरवाजापर्यंत पळत गेलती. बिनडब्याचा खेळ म्हणजे रश्श्याशिवाय मटणाचं ताट. पोट भरतं, पण कोण बोलावल्यावर येणार?

---

पायवाट_पन्हाळा

पोरीचं पटतं. मग डबा गडाखाली ठेवा. बुधवार पेठेकडून चढणाऱ्या वाटेवर एखाद्या हॉटेलवाल्याला विचारून त्याच्या परसात ठेवा. वर खडक बघून आकडा शोधायचा आणि त्या आकड्यानं खालच्या डब्याची जागा काढायची. दोन टप्प्यांचा डबा आपल्या खेळात आधीपासून आहे. भोवरा पण मिळतो, तट पण राहतो. हॉटेलवाल्याची चार चहाची विक्री होते, म्हणून तो डबा आपणहून सांभाळतो, हे वेगळंच.

---

शिरोली_वर्कशॉप

हॉटेलवाल्याची आयडिया भारी. फक्त नदीकाठच्या गावात असं करताना पुराची रेघ बघा. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांना धोका पातळी गाठते, त्याच्या कितीतरी आधी घाटावरचे डबे इचलकरंजीला निघालेले असतात. २०१९ ला माझे दोन गेले.

---

हिंजवडी_ते_शिवाजी_पेठ

नमस्कार. काल रात्री धागा वाचला. डबा माझा आहे.

चिरा मी ओढलेला नाही. मी ठेवला तेव्हा तो आधीच निखळून खाली पडलेला होता आणि तयार खोबण बघून मला मोह झाला. तरी तटात ठेवायला नको होता, हे ताईंचं आणि पायवाटांचं वाचून कळतंय. परवानगी कुणाला विचारली नव्हती. चॉकलेट माझं नाही. काळी टेप माझीच.

तेव्हा पेठेत राहत होतो, पंधरा दिवसांनी फेरी व्हायची. मग नोकरीनं पुण्याला आलो आणि "पुढच्या महिन्यात बघू" करत दोन पावसाळे गेले. ज्याला तिथं जाऊन बघणं जमत नाही त्यानं डबा ठेवू नये, हा नियम मीच एकदा दुसऱ्याला ऐकवला होता. यादीतून आज काढून टाकलाय.

तो चिरा परत बसवायला रविवारी येऊ का? सिमेंटची छोटी पिशवी आणतो.

---

पेठेतली_ताई

सिमेंट अजिबात नको! संरक्षित तटाला आपण हात लावायचा नाही, चांगल्या मनानंसुद्धा नाही. चुन्यातल्या जुन्या बांधकामात सिमेंट भरलं की ओल आत कोंडते आणि शेजारचे दगड सुटतात. फोटो आणि जागा पुरातत्त्व खात्याला लेखी कळवा, चिरा आहे तिथं राहू दे.

---

नाद_करायचा_न्हाय

हिंजवडी भावा, आलास समोर, मानलं तुला. चिऱ्याचा आळ मी पण तुझ्यावरच घातलेला, माफी. पण पायवाट दादा, बघा, मालक हुता. नोंद टाकली असती तर त्याला मेल गेला असता.

---

पायवाट_पन्हाळा

गेला असता, कबूल. पत्राचा मसुदा आज रात्री टाकतो, फोटो माझ्याकडं तीन आहेत.

हिंजवडी, वही फेकलेली नाही. गॅलरीत दोरीवर पानं वाळत घातलीत. जेलपेनच्या नोंदी गेल्या, शिसपेन्सिलीच्या एकवीस लागतात. त्यातली एक कानडीत आहे, कुणाला वाचता येत असेल तर सांगा. रविवारी डबा घ्यायला या, मी नऊपर्यंत घरी आहे.