झडीच्या दिवसांसाठी ड्रायर घ्यावा की अंगणातील तारच पुरे?

वणीकर: आमच्या गावी उन्हाळ्यात धुणे तारेवर टाकावे आणि तासाभरात काढावे, अशी स्थिती असते, परंतु श्रावणात झड लागली की जीनची पँट दोन-दोन दिवस ओली राहते व तिला कुबट वास येतो. पुण्याचा मुलगा ड्रायर घ्या म्हणतो. सध्या टिनाच्या शेडपासून विजेच्या खांबापर्यंत लोखंडी तार बांधलेली आहे. जाणकारांनी सल्ला द्यावा.

सपरीवाला: सेमी-ऑटोमॅटिक धुलाई यंत्राच्या दुसऱ्या टबालाही ड्रायर म्हणतात, पण तो कपडे केवळ गरगर फिरवून पिळतो, त्याला वीज फारच थोडी लागते. मुलगा बहुधा गरम हवेचा ड्रायर सुचवत असावा. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे दोन तृतीयांश युनिट उष्णता लागते. म्हणजे पिळलेल्या धुण्यात तीन लिटर पाणी उरले असेल, तर साध्या हीटरच्या यंत्रात दोन युनिट त्यातच जातील, बाकीची गळती वेगळीच. मेमध्ये ४५ अंशांचे ऊन फुकट मिळणाऱ्या मुलखात दीड-दोन महिन्यांच्या झडीसाठी एवढा खर्च मला पटत नाही.

वायरमनभाऊ: वणीकर भाऊ, ड्रायरचे नंतर पाहा, आधी ती तार काढा. खांबावरच्या किंवा घरात येणाऱ्या सर्व्हिस वायरचे वेष्टण उन्हाने तडकून ती टिनाला वा तारेला टेकली, तर संपूर्ण तारेत प्रवाह उतरतो आणि ओला कपडा टाकायला हात वर करणाऱ्या बाईला तो दिसतही नाही. असे मृत्यू दर पावसाळ्यात वर्तमानपत्रात वाचायला मिळतात. नायलॉनची दोरी घ्या, ती खांब व टीन दोन्ही सोडून लाकडी बल्ल्यांना बांधा आणि मीटरनंतर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (घरातील वायरिंगमध्ये गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या.

वणीकर: तार उद्या सकाळीच उतरवतो. जीनच्या वासाचे काय करावे?

सपरीवाला: कापड फार वेळ दमट राहिल्याने त्यात जीवाणू वाढतात, वास त्यांचाच. पँट दोनदा पिळून, उलटी करून, खिसे बाहेर काढून सपरीत (पडवीत) पंख्याखाली टांगावी. दोन कपड्यांत चार बोटे अंतर ठेवावे. ऑक्टोबरात सोयाबीनचे थ्रेशर सुरू झाले की मात्र वाऱ्याची दिशा पाहूनच धुणे बाहेर टाकावे, नाहीतर कुटाराची (भुशाची) कुसे बनियनमध्ये शिरून दिवसभर टोचतात.