मदत हवी आहे: हात थरथरतो, पक्ष्यांच्या फोटोंसाठी हलकी लेन्स कोणती?

वय ७३. कॉलेजपासून फोटो काढतोय, गेली पंधरा वर्षं फक्त पक्षी. सध्या निकॉन डी७२०० आणि २००-५०० एमएम लेन्स वापरतो. लेन्स एकटीच २.३ किलोची, कॅमेऱ्यासकट तीन किलोच्या वर. आता उजवा हात थोडा थरथरतो. डॉक्टरांना दाखवलंय, औषध चालू आहे, त्यामुळे ते सल्ले नकोत.

ट्रायपॉड भिगवणला उजनी धरणाच्या पाण्यात होडीत कुचकामी, होडीच हलते. मोनोपॉडने (एका पायाच्या स्टँडने) बसलेला पक्षी जमतो, उडता रोहित (फ्लेमिंगो) नाही. गाडीच्या खिडकीवर बीनबॅग उत्तम, पण उजनीच्या पाण्यात गाडी कुठून आणू? शटर १/२००० सेकंद ठेवलं की फोटो हलत नाही. खरी अडचण पक्षी फ्रेममध्ये धरून ठेवायची आहे. दहा मिनिटांत दंड भरून येतात.

मोबाइल किंवा नुसत्या स्क्रीनवाला कॅमेरा सुचवू नका. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, उन्हात स्क्रीन दिसत नाही. व्ह्यूफाइंडर हवाच.

डोक्यात निकॉनची ३०० एमएम एफ/४ पीएफ लेन्स आहे, वजन फक्त ७५५ ग्रॅम. डी७२०० च्या लहान सेन्सरमुळे ती ४५० एमएमसारखी दिसेल. सेकंडहँड घेईन, जुनी लेन्स विकून वर पन्नास हजारांपर्यंत घालू शकतो. पूर्ण नवी मिररलेस (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्याची) सिस्टिम या वयात शिकायची हौस आहे, पैसे नाहीत.

ही लेन्स १.४ टेलिकन्व्हर्टर (लेन्सची पोच १.४ पट वाढवणारी जोड) लावून डी७२०० वर कोणी वापरली आहे का? सकाळच्या कमी उजेडात उडत्या पक्ष्यावर फोकस पटकन बसतो, की चाचपडतो?