शब्दचर्चा: 'फिल फ्लॅश'ला मराठीत काय म्हणायचं?

धागाकर्ता

गावच्या वाचनालयात फोटोग्राफीचं शिबिर घेतोय. टिपणं मराठीत लिहायची असा हट्ट धरला आणि एका जागी अडलो.

अलिबागच्या किनाऱ्यावर संध्याकाळी सगळे समुद्राकडे पाठ करून उभे राहतात. आभाळ सुरेख येतं, माणसं कोळशासारखी. असा पाठीमागून उजेड येत असेल, तर लख्ख उजेड असतानाही फ्लॅश मारायचा, म्हणजे चेहऱ्यावरच्या सावलीत थोडा उजेड भरतो. हा फिल फ्लॅश. 'पूरक प्रकाश' म्हटलं की मला पूरक परीक्षा आठवते. 'भरणी' म्हणावं तर पितृपक्ष! सुचवा.

व्याकरणवेडी

पूरकला एवढ्यात नापास करू नका. पूरक म्हणजे भरून काढणारा. पुरणपोळीतलं पुरण त्याच घरचं, संस्कृत 'पूरण' म्हणजे भरणं. गंमत म्हणजे इंग्रजी 'फिल' आणि आपलं 'पूर्ण' हे शब्दही मुळात एकाच कुळातले. म्हणजे तुम्ही शोधताय तो शब्द होळीला ताटात असतो.

धागाकर्ता

'पुरण फ्लॅश' लिहिलं तर शिबिरात दुसरं काही शिकवून होणार नाही, ताई.

जुना स्टुडिओवाला

आम्ही लग्नाच्या ऑर्डरीत म्हणायचो, "अगेन्स्ट आहे, फिल-इन मार." अगेन्स्ट म्हणजे उजेड समोरून कॅमेऱ्यात येतोय. सगळ्यांना कळायचं. फ्लॅशला शब्द शोधत बसू नका, तो मराठीच झालाय. तुम्हाला हवंय ते क्रियापद, आणि ते तुमच्याच वाक्यात आलंय: सावलीत उजेड भरणे. रंग भरतो, खड्डा भरतो, तसंच.

मात्र भरणे आणि लिंपणे यांतला फरक शिकवा. नवशिका फ्लॅश पूर्ण जोरात मारतो आणि चेहरा मागच्या आभाळाएवढाच उजळ करतो. मग माणूस कापून चिकटवल्यासारखा दिसतो. फ्लॅश एक-दीड स्टॉप खाली ठेवायचा (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा). सावली उरली पाहिजे, फक्त तिच्यातले डोळे दिसले पाहिजेत.

आणि ऑटोवर राहू नका म्हणावं. कॅमेऱ्याला मागचं झगझगीत आभाळ दिसतं, उजेड भरपूर आहे असं त्याला वाटतं, फ्लॅश उडतच नाही. विजेची खूण निवडून तो मुद्दाम चालू करावा लागतो.

खारे वारे

'भरणे'ला माझंही मत. एक शंका. किनाऱ्यावर दहा-बारा जणांच्या घोळक्यावर कॅमेऱ्यातला फ्लॅश मारला तर काही भरतच नाही. का?

जुना स्टुडिओवाला

अंतर, राव. छोट्या फ्लॅशचा गाइड नंबर, म्हणजे त्याच्या ताकदीचा आकडा, १२ धरा. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) १०० आणि एफ (भिंगाच्या छिद्राचा आकडा) ५.६ ला तो पूर्ण ताकदीनं दोन मीटरवर पुरतो. तुम्ही चार मीटरवर गेलात की उजेड निम्मा नाही, चौथाई होतो. दुपारी तर आणखी पंचाईत. बऱ्याच कॅमेऱ्यांत फ्लॅशसोबत शटर सेकंदाच्या १/२०० किंवा १/२५० च्या वर साध्या पद्धतीनं जात नाही. ऊन आवरायला छिद्र लहान करून एफ ११ करावं लागतं आणि तोच फ्लॅश जेमतेम एक मीटरवर येतो. तेव्हा घोळक्यासाठी मोठा फ्लॅश आणा, नाहीतर पांढरा थर्माकोल धरून उन्हाचाच उजेड परत फेका. पण मग ते भरणं झालं, फ्लॅश नाही झाला!

व्याकरणवेडी

म्हणजे 'भर' हा मुख्य शब्द आणि फ्लॅश, थर्माकोल ही साधनं. पटलं. पण मूळ पोस्टमध्ये दुसरा घोळ दडलाय. 'पाठीमागून उजेड' म्हणजे कोणाच्या पाठीमागून? "सूर्य पाठीशी ठेवून फोटो काढा" हा जुना धडा, त्यातली पाठ काढणाऱ्याची. तुम्ही म्हणताय ती काढून घेणाऱ्याची. नवा माणूस नेमका उलटा उभा राहील.

खारे वारे

'पाठऊन' असा समास करूया?

व्याकरणवेडी

घाईत वाचलं की 'पाठवून' होतं. नको.

धागाकर्ता

थंडीत आपण पाठीवर ऊन घेत बसतो. मग "ज्याचा फोटो काढायचा त्याच्या पाठीवर ऊन" असं लिहिलं तर? लांब आहे, पण गोंधळ नाही. गेटवे ऑफ इंडियाचं उदाहरण देईन. सकाळी सूर्य बंदराच्या बाजूनं येतो, त्यामुळे कमान मागे घेऊन उभं राहिलेल्याच्या पाठीवर ऊन आणि तोंडावर अंधार. दुपारनंतर तीच जागा, तेच लोक, पण ऊन तोंडावर.

टिपणात असं लिहितोय: "पाठीवर ऊन असेल तेव्हा फ्लॅश मुद्दाम चालू करून चेहऱ्यावरची सावली भरा." 'भर-फ्लॅश' फक्त मथळ्याला.

जुना स्टुडिओवाला

मथळ्यालाही नको, भर-दुपार, भर-रस्ता यांच्या रांगेत जाऊन बसेल. 'सावली भरणे' हाच मथळा द्या. आणि "पाठीवर ऊन असेल तेव्हा" एवढ्यावर थांबू नका. डोक्यावर ऊन असताना टोपी किंवा फेटा घातलेल्याच्या डोळ्यांवर सावली पडते, तिथं पाठीचा काही संबंध नसतो. वरातीत आमचा निम्मा फ्लॅश त्यातच जायचा.

धागाकर्ता

जोडतो. "पाठीवर किंवा डोक्यावर ऊन असेल तेव्हा."