के ३०१ आणि मॅग्नम १२ मधला फरक

कुणीतरी म्हटलंय की कोहलर या अमेरिकन कंपनीचं जुनं के ३०१ हे छोटं पेट्रोल इंजिन आणि नंतरचं मॅग्नम १२ एकच, फक्त स्टिकर बदलला, पण ते निम्मंच खरं आहे. बिडाचा ब्लॉक, साइड व्हॉल्व (सिलिंडरच्या बाजूला ब्लॉकमधे बसवलेले) दोन्हीकडे सारखे, खरा बदल इग्निशनचा, म्हणजे ठिणगी पाडण्याच्या पद्धतीचा. के सिरीजमधे ब्लॉकच्या बाहेरच्या बाजूला झाकणाखाली पॉइंट्स (ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) असतात, कॅमवरून एक छोटी दांडी त्यांना उघडते, गॅप साधारण ०.०२० इंच ठेवायचा, मॅग्नममधे मात्र फ्लायव्हीलमधलं मॅग्नेट आणि इलेक्ट्रॉनिक कॉइल, पॉइंट्सची कटकटच नाही. ऑइलिंग मात्र दोन्हीत कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याच्या) डिपरने, म्हणजे खालच्या टोकाच्या चमच्याने, तेल उडवूनच होतं, त्यामुळे उतारावर चालवत असाल तर तेलाची लेव्हल बघितल्याशिवाय स्टार्टरला हातच लावू नका, लेव्हल उतरली की पहिला रॉडच जातो. एक सिलिंडरच्या इंजिनात ऑइल पंप, फिल्टर, ओव्हरहेड व्हॉल्व (सिलिंडरच्या वर, हेडमधे बसवलेले) हे सगळं कोहलरच्या पुढच्या कमांड सिरीजमधे आलं.