मदत हवी आहे: कम्युनिटी कॉलेजात अप्लाइड फिजिक्स घेऊ की कॉलेज फिजिक्स? (नॉर्थ कॅरोलायना)

नमस्कार मंडळी,

मी रॉलीजवळ कॅरीला राहते. शिक्षण सांगलीचं बी.कॉम., त्यामुळे दहावीनंतर फिजिक्सशी संबंध सुटला तो सुटलाच. आता मुलगा हायस्कूलला गेलाय, ग्रीन कार्डही झालंय, आणि फॉलपासून मला कम्युनिटी कॉलेजात मेकॅट्रॉनिक्सचा (यंत्रं आणि इलेक्ट्रॉनिक्स एकत्र) दोन वर्षांचा असोसिएट डिग्रीचा कोर्स करायचा आहे. या भागात औषधांचे कारखाने बरेच आहेत. तिथल्या मोटारी, सेन्सर, कन्व्हेयर चालू ठेवणाऱ्या तंत्रज्ञांचं काम मला मनापासून करावंसं वाटतं. हौस म्हणून नाही, नोकरीसाठीच शिकायचंय.

घोडं अडलंय ते फिजिक्सपाशी. कॅटलॉगात पीएचवाय १२१ म्हणजे अप्लाइड फिजिक्स, १५१ म्हणजे कॉलेज फिजिक्स आणि २५१ म्हणजे जनरल फिजिक्स असे तीन दिसतात. २५१ ला कॅल्क्युलस लागतं, तो सोडून देते. १२१ आणि १५१ दोन्ही बीजगणितावर चालतात, दोन्ही चार क्रेडिटचे, दोन्हीला लॅब. मग फरक काय? नवरा म्हणतो १५१ घे, पुढे पदवी करावीशी वाटली तर उपयोगी पडेल. एक मैत्रीण म्हणते १२१ च घे, कारखान्यात तेच लागतं. दोघांचंही पटतं, आणि तिथेच पंचाईत होते.

दुसरी शंका अगदी प्राथमिक आहे, पण विचारतेच. मैत्रिणीने तिच्या वर्गातलं एक उदाहरण दाखवलं: २०० पाउंडांचं खोकं ३० अंशांच्या उतारावरून एकाच वेगाने वर ढकलायचंय, घर्षणगुणांक ०.३, तर उताराला समांतर किती बल लागेल? शाळेत किलोला ९.८ ने गुणायचो. इथे g, म्हणजे गुरुत्वाचं त्वरण, ३२.२ फूट प्रति सेकंद वर्ग दिलाय. मग २०० ला ३२.२ ने गुणायचं का? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

प्रतिसाद १

ताई, कम्युनिटी कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये काम करतो, म्हणून आधी तुमच्या दुसऱ्या शंकेकडे येतो. ती प्राथमिक आहे म्हणूनच महत्त्वाची आहे.

गुणायचं नाही. पाउंड इथे बल म्हणूनच दिलेला असतो. पृथ्वी खोक्याला किती ओढते ते त्या २०० मध्ये आलेलंच आहे. किलो हे वस्तुमान, म्हणून त्याला ९.८ ने गुणावं लागतं. ताळा करून बघा: २०० पाउंड म्हणजे ९०.७ किलो, गुणिले ९.८ म्हणजे ८८९ न्यूटन. दुसरीकडून, १ पाउंड म्हणजे ४.४५ न्यूटन, तर २०० चे ८९०. जुळलं. ३२.२ लागतो तो खोक्याचा वेग वाढवायचा असेल तेव्हा. मग २०० भागिले ३२.२ करून वस्तुमान काढायचं, ६.२ स्लग. हे एकक भारतात शिकलेल्यांनी सहसा ऐकलेलंही नसतं, पण १२१ मध्ये ते समोर येऊ शकतं.

आता उदाहरण. खोक्याला उतारावरून खाली ओढणारा भाग २०० गुणिले साईन ३०, म्हणजे १०० पाउंड. उताराला लंब भाग २०० गुणिले कॉस ३०, म्हणजे १७३. घर्षण या १७३ च्या ०.३ पट, साधारण ५२. एकूण १५२ पाउंड. घर्षण २०० वर काढायचं नाही, बरीच मुलं इथेच चुकतात. आणि आकडे घालण्याआधी खोक्याची आकृती काढून त्यावर सगळे बाण दाखवायचे. कितीही सोपं वाटलं तरी बाण आधी.

एककाशिवाय एकही आकडा लिहू नका, असं मी सगळ्यांना कळकळीने सांगतो. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर १९९९ मध्ये हातचं गेलं ते याच पाउंड आणि न्यूटनच्या घोळात.

प्रतिसाद २

कोर्सच्या निवडीबद्दल. राज्यातल्या ५८ ही कम्युनिटी कॉलेजांत हे नंबर एकच असतात, त्यामुळे कॉलेज बदललं तरी गणित तेच. १२१ हा तंत्रज्ञांच्या शाखांसाठी बांधलेला आहे: एककं, सदिश, गती, बल, कार्य, ऊर्जा, शक्ती, पदार्थांचे गुणधर्म. शिकवणं मशीनच्या अंगाने होतं. १५१ हा चार वर्षांच्या विद्यापीठात जाणाऱ्यांसाठी, आणि राज्याच्या ट्रान्सफर करारात (कम्युनिटी कॉलेजचे क्रेडिट विद्यापीठात धरण्याच्या) विज्ञानाचा विषय म्हणून १५१, २५१ धरले जातात, १२१ नाही. सगळा फरक इथे आहे.

तुमच्या मिस्टरांचं म्हणणं त्यामुळे चूक नाही. पण १५१ ला आधी वरच्या पायरीचं गणित झालेलं लागतं, म्हणजे तुमचं एखादं सेमिस्टर त्यातच जाईल. नोकरी हेच पहिलं उद्दिष्ट असेल तर मी १२१ च म्हणेन. पुढे पदवी करायची झालीच तर इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजीची करा, साधी इंजिनिअरिंग नव्हे. शार्लटचं यूएनसी (युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ कॅरोलायना) आणि वेस्टर्न कॅरोलायना विद्यापीठ, दोन्हीकडे ती आहे. त्यांना फिजिक्स कोणतं चालतं ते आत्ताच ईमेल करून लेखी विचारून ठेवा. तोंडी उत्तरावर विसंबू नका, दोन वर्षांनी तो अ‍ॅडव्हायझर तिथे असेलच असं नाही.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. १५२ चं उत्तर मी स्वतः परत करून पाहिलं, आलं. १२१ च घेते आणि दोन्ही विद्यापीठांना ईमेल आजच टाकते. आता दोनच गोष्टी: लॅब ऑनलाइन घेतली तर चालेल का, आणि वर्ग सुरू व्हायच्या आधी त्रिकोणमिती कुठून कुठपर्यंत करू?

प्रतिसाद १

लॅब प्रत्यक्षच घ्या. घरचं सगळं सांभाळून ऑनलाइन सोयीची वाटेल, पण तुम्हाला पुढे हातानेच काम करायचंय. फोटोगेट (प्रकाशकिरण अडला की वेळ मोजणारं उपकरण) लावणं, स्प्रिंगचा काटा वाचणं, तीनदा मोजून तीन वेगळी उत्तरं येणं आणि त्यातून टक्केवारीत चूक काढणं, हे स्क्रीनवर अंगवळणी पडत नाही. सरावाला मात्र कोलोराडो विद्यापीठाची फेट सिम्युलेशन्स फुकट आहेत. उताराचं खोकं तिथे सापडेल, कोन बदलून बल कसं बदलतं ते बघत बसा. कॉलेजचं ट्यूटरिंग सेंटरही पहिल्या आठवड्यापासून वापरा, नापास व्हायची वाट बघू नका.

त्रिकोणमिती फक्त काटकोन त्रिकोणापुरती: साईन, कॉस, टॅन आणि उलट जाऊन कोन काढणं. लांबलचक सूत्रं सिद्ध करत बसू नका. त्यापेक्षा समीकरणातून हवं ते अक्षर एका बाजूला आणायचा सराव रोज करा, अडतं ते तिथेच. आणि कॅल्क्युलेटर डिग्रीवर आहे ना ते आधी बघा. साईन ३० ला ०.५ आलं पाहिजे; उणे ०.९८८ आलं तर तो रेडियनवर आहे.